ओल्या मातीतले डबे

राजकुमारदादाचा डावा पाय सरहद्दीवर सुरुंगानं गेला. सुरुंग प्लास्टिकचा होता, धातू शोधणारं यंत्र गप्पच राहिलं. तेव्हापासून माझ्या डोक्यात हेच एक खूळ. पीएचडीला विषयही तोच घेतला: उष्णता टिपणाऱ्या कॅमेऱ्याचं चित्र आणि जमिनीच्या आत बघणाऱ्या रडारचं चित्र एकावर एक बसवायचं. एकटं रडार साधा दगड लागला तरी बोंबलतं. म्हणून मी ठरवलं, दोघांचं एकमत झालं तरच पडद्यावर लाल ठिपका, नायतर हिरवं.

कॉलेजानं जागेसाठी नुसतं झुलवलं. शेवटी पुंडलिकनगरात आमच्या घराशेजारच्या रिकाम्या प्लॉटवर सुरुंगांऐवजी वाळू भरलेले प्लास्टिकचे डबे पुरले. आज पुण्याहून पैसे मंजूर करणारे साहेब बघायला येणार होते. ते हो म्हणाले तरच काम पुढं सरकणार, नायतर सगळं कपाटात. भर दुपारी मी वायर आणायला औरंगपुऱ्याच्या बाजारात गेले आणि परत येऊन बघते तर काय, दादानं अख्ख्या प्लॉटवर पाणी मारलेलं. पाहुणे येणार, धुरळा उडायला नको, म्हणून. काठी बगलेत, हातात पाइप, नि चेहऱ्यावर केवढं समाधान.

माझं डोकंच सणकलं. उन्हानं डब्यावरची माती जरा जास्त तापते, तेवढंच तर कॅमेऱ्याला दिसतं. ओल्या मातीत सगळं सारखंच गार, आणि कॅमेऱ्याला दिसलं नाय तर एकट्या रडारचं कोण ऐकतंय. साहेब आले, मी मशीन फिरवलं, पडदा या टोकापासून त्या टोकापर्यंत हिरवागार. एक डबा म्हणून दिसला नाय. मी साहेबांसमोरच बोलून गेले की भावानं घोळ घातला, माती कोरडी असती तर सगळे डबे दाखवले असते. साहेबांनी चहा घेतला, बघू म्हणाले आणि गेले.

गाडी वळली तशी मी दादावर तुटून पडले. तुला कुणी सांगितलं होतं पाणी मारायला? एवढी मरमर केली आणि तू एका पाइपानं वाट लावलीस. लई बोलले. इतकी चीड आली होती की रडूही येईना.

दादा ओट्यावर बसला. त्यानं नकली पाय काढून बाजूला ठेवला.

"त्या दिवशी तिकडं पाऊस चालू होता, करुणा," तो म्हणाला. "माती अशीच होती."

मी मशीन उचललं आणि परत प्लॉटवर गेले. पहिला डबा कुठं पुरलाय ते मला पाठ होतं. बरोबर त्याच्यावर मशीन धरलं. पडदा हिरवाच होता. त्या दिवशी सरहद्दीवर हेच मशीन घेऊन मी दादाबरोबर असते, तर त्याला हिरवं आहे, खुशाल पुढं जा म्हटलं असतं.