माझ्या काठावरच्या चिरा

मित्रांनो, मी एक जुनी काळी शाल आहे. शाल म्हटले की तुमच्या डोळ्यांसमोर सत्कार, नारळ आणि लांबलेली भाषणे येतील. तसली मी नव्हे. मी पोर्तुगालमधल्या कोइंब्रा गावची, विद्यापीठातल्या पोरापोरींनी खांद्यावर टाकायची, टाचेपर्यंत लोंबणारी शाल. तुमच्याकडच्या धनगराच्या घोंगडीला गळ्यापाशी पट्टी आणि बटण लावा, की झाले माझे चित्र. आज मी दूरच्या एका बेटावर, मिंदेलो बंदरातल्या एका घरी पत्र्याच्या ट्रंकेत पडून आहे. सोबतीला डांबराच्या गोळ्या आहेत, पण त्यांच्याशी काय बोलणार? म्हणून तुमच्याशी बोलते.

माझी लोकर डोंगरातल्या मेंढ्यांची. गिरणीत मला विणले, इतक्या गडद रंगात बुडवले की मेंढ्यांनीही मला ओळखले नसते, आणि मग मी कोइंब्राच्या एका चढाच्या गल्लीतल्या दुकानात येऊन टांगली गेले. तिथे निल्झा आली. समुद्राच्या मधोमध असलेल्या याच मिंदेलोच्या बेटावरून शिकायला आलेली, काळीसावळी, बारीक चणीची पोर. मला खांद्यावर घेऊन ती आरशासमोर उभी राहिली आणि उगाच ताठ झाली.

दुकानदाराने घडी घालताना तिला बजावले, "पोरी, हिला कधी धुवायचं नाही. आणि फाटली तर शिवायची नाही."

निल्झा खळखळून हसली. "काका, माझी आई शिवणकाम करते. तिच्या कानावर हे गेलं ना, तर बोटीत बसून येईल आणि तुम्हालाच चार गोष्टी सुनावेल."

"येऊ दे की. तिलाही हेच सांगेन."

तुम्हालाही हे वेड्यासारखे वाटेल. पण आमच्याकडे रीतच तशी आहे. मला धुतले तर अंगावरचे दिवस धुऊन जातात, असे मानतात. आणि माझा काठ फाडायचा असतो, तोही जवळच्या माणसांनी, दाताने आणि हाताने. कात्री लावायची नाही. उजवा काठ दोस्तांचा, डावा घरच्यांचा, आणि पाठीमागे मधोमध एक चीर, ती मनातल्या माणसाची. ज्या शालीचा काठ सगळ्यांत लक्तरलेला, ती सगळ्यांत भाग्याची. तेव्हा माझा काठ सरळसोट होता आणि मला त्याची लाज वाटायची.

पहिली दोन वर्षे मी निल्झाचे पांघरूण झाले. तिच्या खोलीची भिंत ओल धरायची. मला गुंडाळून ती अभ्यास करी, मला गुंडाळून आईला फोन करी. "सगळं छान आहे आई, जेवले, हो, भरपूर जेवले," असे सांगून फोन ठेवी आणि माझ्याच टोकाने नाक पुसी. मला किळस आली नाही. काम करण्यात सुख असते, आणि मला तर दोन्ही हातांनी धरणारे माणूस मिळाले होते.

तिसऱ्या वर्षी ओर्नेला आणि येर्नेय आले. दोघेही एका सत्रापुरते पाहुणे विद्यार्थी. ओर्नेला इटलीची. ती जिन्यात असली तरी गच्चीवर ऐकू यायची. येर्नेय स्लोव्हेनियाचा, डोंगरातला उंच, सावकाश बोलणारा मुलगा. लाजला की त्याचे फक्त कान लाल होत. सुट्टी आली की तिघे कुठले ना कुठले शहर बघायला निघत. ओर्नेलाला खायला हवे असे, येर्नेयला चढायला, आणि निल्झाला पाण्याजवळ नुसते बसायला. मला कोणी विचारत नसे, पण मी प्रत्येक वेळी गेले.

ते दोघे परत जायच्या आधीची शेवटची सफर पोर्तोची. स्टेशनातून बाहेर पडलो तोच पावसाने गाठले. छत्री आणली होती ती ओर्नेलाने, आणि ती गाडीतच विसरली होती. मग काय, मला तिघांच्या डोक्यांवर ताणले. येर्नेय उंच, निल्झा बुटकी, त्यामुळे सगळे पाणी निल्झाच्या मानेत. लोखंडी पुलावर पोचेपर्यंत पाऊस ओसरला, निल्झाने मला खांद्यावर घेतले आणि लगेच काही प्रवासी तिचे फोटो काढू लागले.

"अगं, आपण शहर बघायला आलोय की शहर तुला बघायला आलंय?" ओर्नेलाने डिवचले.

"या घोंगडीमुळे परक्यांना मी इथली वाटते," निल्झा म्हणाली. "इथल्यांना तेवढी वाटत नाही."

ती हसत म्हणाली, म्हणून ओर्नेलाही हसली. मी मात्र खांद्यावर होते आणि ते खांदे किती खाली आले ते मला कळले. येर्नेय हसला नाही. त्याने फोटो काढणाऱ्यांच्या आणि निल्झाच्या मध्ये आपला लांबलचक देह आणून उभा केला आणि नदीकडे बघत राहिला.

मग त्याने दोघींना एका जुन्या मनोऱ्यावर चढवले.

"अजून किती रे?" ओर्नेला धापा टाकत होती.

"आलंच."

"हे तू मघापासून म्हणतोयस! डोंगरातल्या माणसाशी मैत्री करायची म्हणजे गुडघ्यांची वाट."

वर वारा असा होता की मी निल्झाच्या अंगावरून उडायला बघत होते. येर्नेयने मागून माझी दोन्ही टोके घट्ट धरली. सगळे शहर पायाखाली, लाल कौले, खाली करडी नदी. त्याने त्यातले काही बघितले असेल असे मला वाटत नाही.

परतीच्या गाडीआधी तिघे नदीकाठच्या दगडी पायऱ्यांवर बसले. ओर्नेलाने आणलेला मांसाचा, वर अंडे घातलेला पाव खाऊन झाला आणि निल्झाने मला पुढे केले. "चला, फाडा. रीत म्हणजे रीत."

ओर्नेलाने उजव्या काठाला दात लावले. "आई गं, दात पडतील! लोकर आहे की दोरखंड?" पण फाडली तिने, आडवीतिडवी, तिच्या बोलण्यासारखी.

येर्नेयने मला उचलले, पण उजवीकडे नाही. पाठीमागचा मधला काठ त्याच्या हातात होता. "इथे?" त्याने विचारले.

निल्झाने मला झटकन ओढून घेतले. "तिथे नाही. दोस्तांची उजवीकडे."

"आणि ही मधली?"

"राहू दे ती. पुढच्या वेळी बघू."

"पुढच्या वेळी म्हणजे कधी?"

"तू उन्हाळ्यात मिंदेलोला येशील तेव्हा. आधी माझ्या आईच्या हातचा काचुपा खा, मग बोलू."

"तुमच्याकडे डोंगर आहेत का?"

"आहेत की. झाड नाही त्यांच्यावर, पण आहेत."

"मग येतो," तो म्हणाला, आणि त्याचे कान लाल झाले.

त्याने उजवीकडेच फाडले. पण कसे! दाताने सुरुवात केली आणि मग एकेक धागा बोटांनी सोडवत, घाई न करता, वळणावळणाने वर नेत गेला. ओर्नेला ओरडत होती की गाडी सुटेल. त्या चिरेच्या टोकाला त्याने एक लांब धागा तसाच लोंबता ठेवला. मित्रांनो, मला तेव्हा दुखले नाही. मी त्या दिवशी पहिल्यांदा पुरती शाल झाले.

ते दोघे आपापल्या देशी गेले. वसंत लागला आणि एक दिवस ओर्नेलाचा फोन आला. निल्झा मला पांघरून खिडकीत बसली होती. "ओर्नेला, रडू नकोस, मला काही कळत नाहीये. कोण? कुठल्या कड्यावरून?" एवढेच ती बोलली. डोंगरात बर्फाचा कडा सुटला होता आणि येर्नेय त्याच्याखाली होता. फोन आला तेव्हा तिकडे माती देऊनही झाली होती. निल्झाने मला मांडीवर पसरले आणि त्या वेड्यावाकड्या चिरेवरून बोट फिरवले. पुढे रोज ती तेच करी. त्याच्या हातचे तिच्याकडे दुसरे काही नव्हते. फोटो होते, पण फोटो ओर्नेलाने काढले होते.

उन्हाळ्यात ती घरी आली आणि मलाही बरोबर घेऊन आली. आईला तिने येर्नेयबद्दल काही सांगितले नाही. सांगणार काय? दोस्त होता म्हणावे, तर एवढे खंगायला काय झाले, आणि त्याहून जास्त होता म्हणावे, तर तसे तिने त्यालाही कधी म्हटले नव्हते. तिची आई इदालिनाबाई हे सगळे बाहेरून बघत होती. पोरगी जेवत नाही, हसत नाही, गालांची हाडे वर आली आहेत. एक दिवस निल्झा बेटाच्या दुसऱ्या टोकाला आजीकडे गेली आणि इदालिनाबाईंनी माझी घडी उलगडली.

"बघ गं बाई," त्यांनी शेजारणीला हाक मारली, "पोर तिकडे चिंध्या घालून फिरते आणि फोनवर मला सांगते सगळं छान आहे!"

"अगं, किती आब राखून राहते तुझी लेक. मागायला तोंड उघडलं नाही."

"शिंपिणीची मुलगी आणि फाटकं? मी अजून मेले नाही म्हणावं."

मिंदेलोत पाणी जपून वापरतात. इदालिनाबाईंनी घरात होते नव्हते ते माझ्यावर ओतले आणि साबणाने खसाखसा घासले. पोर्तोचा पाऊस, नदीचा वास, खोलीतली ओल, निल्झाच्या डोळ्यांतले पाणी, सगळे मोरीत गेले. वाळल्यावर त्यांनी मला टेबलावर पसरले, उजवा काठ बघून चुकचुकल्या आणि कात्री घेतली. मला ओरडता येत नाही. मी लोकर आहे. त्यांनी खालचा सगळा लक्तरलेला काठ सरळ रेषेत कापून काढला आणि नवा दुमडून बारीक टाके घातले. इतकी सुरेख शिवण मी जन्मात पाहिली नव्हती, आणि प्रत्येक टाका माया ओतून घातलेला होता. तेच तर मला सोसत नाही.

निल्झा परत आली. "डोळे मीट आधी," आई म्हणाली. "हं, आता उघड."

निल्झाने उजव्या काठावरून हात फिरवला. मग डावीकडे नेला, पुन्हा उजवीकडे आणला. "आई, कापलेला काठ कुठे आहे?"

"त्या चिंध्या? शेगडी पेटवायला घेतल्या. एक तुकडा बरा होता, तो भांडं धरायला ठेवलाय. का गं? आवडलं नाही?"

"आवडलं ना."

"मग रडतेस कशाला?"

"छान झालंय म्हणून."

इदालिनाबाईंचा चेहरा उजळला. त्यांनी काचुपाचे तापलेले पातेले माझ्याच तुकड्याने धरून आणले आणि लेकीला वाढले. निल्झाने ताट संपवले. आई समोर बसून बघत होती, मग लेक दुसरे काय करणार?

परत निघायच्या आदल्या दिवशी तिने माझा डावा काठ आईपुढे धरला. "आई, इथे दाताने फाड. घरच्यांनी फाडायची तिकडची पद्धत आहे."

"आत्ता शिवलंय मी ते!"

"म्हणूनच. तुझ्या हातची हवी."

इदालिनाबाईंनी काठ तोंडाजवळ नेला आणि तिथेच थांबल्या. "म्हणजे ते आधीचं... ते कुणी फाडलं होतं?"

"कुणी नाही गं. खिळ्याला अडकली होती."

त्या लेकीकडे बघत राहिल्या. जन्मभर कापड हाताळलेल्या बाईला खिळ्याने काय फाटते हे कळत नाही थोडेच! तरी त्यांनी चीर पाडली, दातानेच.

कोइंब्रात ट्रंक उघडली तेव्हा माझ्या घडीत तो भांडे धरायचा तुकडा होता. धुतलेला, इस्त्री केलेला, एका कडेला जळका. निल्झाने तो उजेडात धरला. त्यात ओर्नेलाची आडवीतिडवी चीर होती. येर्नेयची नव्हती.

तिचे शिक्षण झाले. पदवीच्या मिरवणुकीत सगळ्यांच्या शाली टाचेपर्यंत आणि मी पोटरीवर. "निल्झा, तू वाढलीस की शाल आटली?" कोणीतरी हसले. मग तिने मला मिंदेलोला आणले आणि या ट्रंकेत ठेवले. इदालिनाबाई थकल्या आहेत, सुईत दोरा ओवता येत नाही. तरी दरवर्षी त्या मला वाऱ्यावर टाकतात. यंदा टाकताना त्यांनी स्वतःचेच टाके चाचपले आणि निल्झाकडे न बघता विचारले, "काय नाव होतं गं त्याचं?"

निल्झाने माझा उजवा काठ हातात घेतला. मग म्हणाली, "येर्नेय."

इदालिनाबाईंनी ते नाव पुन्हा पुन्हा म्हणून बघितले. त्यांना ते नीट जमले नाही.

मित्रांनो, माझी काळजी घ्या असे मी तुम्हाला सांगणार नाही. माझी फार काळजी घेतली गेली. माझ्या पाठीच्या मधोमध काठ आजही सरळ आहे, तिथे कोणी दात लावला नाही आणि आता लावणारही नाही. तुमच्या घरात कुणाची फाटकी वस्तू दिसली, तर सुई हातात घ्यायच्या आधी त्या माणसाजवळ बसा आणि विचारा, हे कुणी फाडले. त्याच दिवशी विचारा.