चक्कीचा ब्रेक

समुद्राच्या प्रवाहावर वीज करणाऱ्या त्या यंत्राला सगळे चक्कीच म्हणत. तळाशी तीन पाती, किनाऱ्यावर एक खोली, खोलीत ब्रेकचा दांडा. दांडा खाली ओढून कुलूप घातलं की पाती थांबत. साफसफाईला जो उतरेल त्याने चावी गळ्यात घालून जायचं, म्हणजे वर कुणी चुकून चक्की सुरू करणार नाही. नियम चक्की चालवणाऱ्या ताईचाच. खाली उतरणारा तिचा सख्खा धाकटा भाऊ होता, त्यामुळे या बाबतीत ती कुणाच्या बापाचं ऐकत नसे.

आज पात्यांत जाळं अडकलं होतं. भरती-ओहोटीच्या मधे पाणी थबकतं त्या अर्ध्या तासात काम उरकायचं होतं. वेळ संपत आली तेव्हा ताईने खिडकीतून पाहिलं. पाणी अजून निवांत दिसत होतं.

"शेवटचा पीळ काप आणि ये," ती खाली भावापर्यंत गेलेल्या तारेच्या फोनवर म्हणाली.

वरच्या पाण्याने तिला फसवलं. तळाचा प्रवाह केव्हाच सुरू झाला होता, आणि पातं त्या जाळ्यानेच अडवून धरलं होतं. पीळ तुटला तसं ते ब्रेकमधल्या ढिलाईएवढं, वीतभर सरकलं.

"ताई, हवेची नळी पात्याखाली चेपलीय. पातं पुढे सरकव."

चावी त्याच्या गळ्यात होती.

ब्रेक सोडला तर हे पातं पुढे जाईल, पण मागून दुसरं येईल, आणि प्रवाह मिनिटामिनिटाला वाढत होता.

"किती वेळ आहे रे तुझ्याकडे?"

"गप्पा मारण्याइतका नाही."

भिंतीवरचं आग विझवायचं नळकांडं उचलून तिने कुलपावर घातलं. चौथ्या घावाला कुलूप तुटलं, आणि दांडा अडकवायची कडीही.

"तळाला चिकटून झोप!"

तिने दांडा सोडला, एक, दोन म्हटलं आणि सगळा भार टाकून पुन्हा दाबला. फोन मुका झाला. पात्याने तार तोडली होती.

कडीच नाही म्हटल्यावर दांडा वर उसळू पाहत होता. ती त्याच्यावर पालथी पडून राहिली. खिडकीपर्यंतही जाता येईना. तो वाचला की आपणच त्याला मारलं, कळायला मार्ग नव्हता. देवाचं नाव घ्यायचंही सुचेना. ती रडत रडत भावालाच शिव्या घालत राहिली.

किती वेळ गेला कोण जाणे. भावाला घेऊन गेलेला होडीवाला दारात आला.

"ताई, आला तो वर. धड आहे. सोडा आता."

"त्याला इथे आणा."

तो आला. ओठ निळे पडलेले, अंगावरून पाणी निथळतंय.

"ताई, खाली कोणी नाही."

तिने मान डोलावली. तिला पटलंही होतं. दांडा मात्र तिच्याने सोडवेना.