घड्याळाची चावी

लिफ्टमास्तराचा सगळा दिवस वर-खाली करण्यात जायचा. कुठल्या तरी इमारतीत लिफ्ट मधेच अडकायची, आतली माणसं दारावर धपाधप मारायची, आणि हा बापडा टपावर बसून तेलकट हातांनी वायरी तपासायचा. सुटलेली माणसं त्याच्याकडे न बघता तरातरा निघून जायची. त्याचं त्याला काही वाटायचं नाही, असं तो म्हणायचा. वाटायचं, पण सांगणार कुणाला?

संध्याकाळी घरी आला की हातपाय धुवून तो कॉम्प्युटरसमोर बसायचा आणि विमान चालवायचा. खरं नव्हे, पडद्यावरचं. पण त्या खेळातही एक रीतसर विमान कंपनी होती. तिला वेळापत्रक होतं, प्रत्येक वैमानिकाला नंबर होता आणि कामात कुचराई केली तर दटावणारे एक मोठेसाहेबही होते. कंपनीत बहुतेकांना नवी जेट हवी असायची. बटण दाबलं की विमान आपलं आपण उडतं, आणि वैमानिक जेवायला मोकळा. चार पंख्यांचं एक जुनं विमान तेवढं कुणाला नको होतं. ते घ्यायचे दोघंच. एक हा, दुसरा चौदा नंबर.

कंपनीचा नियम असा, की विमान जिथे आणि जसं सोडाल तसंच ते पुढच्याला मिळणार. टाकीत तेवढंच इंधन, बटणं त्याच जागी. लिफ्टमास्तर ते बेटावरच्या विमानतळावर नेऊन ठेवायचा आणि चौदा नंबर ते परत आणायचा. दोघं कधी एका वेळी भेटले नाहीत. आवाज ऐकला नाही, चेहरा पाहिला नाही. शेरा लिहायच्या चौकटीत फार तर 'वारा डावीकडून होता' एवढंच. पण विमान हातात आलं की माणूस कळायचा. इंजिनं गार व्हावीत म्हणून झडपा उघड्या ठेवलेल्या, पुढच्याला पुरेल असं इंधन भरलेलं आणि समोरच्या जुन्या घड्याळाला चावी दिलेली.

त्या घड्याळाचा तसा काडीचा उपयोग नव्हता. विमान बनवणाऱ्यानं हौसेनं बसवलेलं. चावी दिली की आठवडाभर चालायचं, नाहीतर बंद पडायचं. कुणी त्याकडे ढुंकून बघितलं नसतं. चौदा नंबर मात्र उतरल्यावर न चुकता चावी द्यायचा. ते पाहून लिफ्टमास्तरही द्यायला लागला. आपण गेल्यावर येणाऱ्याला टिकटिक ऐकू यावी, एवढंच. हा माणूस नक्कीच आपल्यासारखा एकटा असणार, असं त्यानं मनाशी पक्कं धरून ठेवलं होतं. भरल्या घरातल्या माणसाला घड्याळाची टिकटिक कशाला लागते?

बहिणीचा फोन यायचा तेव्हा तो फुशारकीनं सांगायचा, "माझाही एक मित्र आहे म्हटलं."

"नाव काय त्याचं?"

"चौदा नंबर."

"अरे देवा! आणि घरी कधी येतो हा चौदा नंबर?"

"घरी कशाला यायला हवं?"

"बरं बाबा," बहीण म्हणायची. "जेवलास का ते सांग आधी."

मग एकदा विमान परत आलंच नाही. बेटावर तसंच उभं. पहिला आठवडा त्यानं सोडून दिला, माणसाला कामं असतात. दुसऱ्या आठवड्यात जीव टांगणीला लागला. आपण काही वावगं लिहिलं का? की त्यालाही जेटची चटक लागली? त्यानं निरोप टाकला, उत्तर नाही. शेवटी मोठेसाहेबांचं पत्र आलं, की महिनाभर न हललेलं विमान कंपनी काढून टाकते, तेव्हा कुणीतरी ते घेऊन या. आणायला तो केव्हाही जाऊ शकत होता. पण आणायची पाळी चौदा नंबरची होती. ती आपण घेतली की तो येणार नाही हे आपल्याच तोंडानं कबूल केल्यासारखं होतं. मुदतीचा शेवटचा दिवस उजाडेपर्यंत त्यानं चालढकल केली.

त्या दिवशी तो विमानात बसला आणि बघतच राहिला. बॅटरी संपलेली. पंखांचे फ्लॅप उड्डाणासाठी खाली केलेले. दोन इंजिनांचं इंधन सुरू, उरलेल्या दोनांचं बंद. हे त्यानं असं सोडलेलं नव्हतंच. म्हणजे चौदा नंबर आला होता, या खुर्चीत बसला होता आणि अर्ध्या कामातून उठला होता. अडकलेल्या लिफ्टमधली बटणं बघून आत काय गोंधळ झाला ते लिफ्टमास्तराला सांगता यायचं. इथेही कळलं. हा माणूस कंटाळून गेलेला नव्हता. घड्याळ बंद पडलं होतं.

त्यानं विमान परत आणलं. मोठेसाहेबांनी शाबासकी दिली, ती त्यानं वाचलीही नाही. दुसऱ्याच संध्याकाळी तेच विमान घेऊन तो पुन्हा बेटावर गेला. इंधन काठोकाठ भरलं, झडपा उघडल्या, घड्याळाला चावी दिली आणि विमान ठेवून आला. खुळेपणाच होता. पण दुसरं करण्यासारखं काय होतं त्याच्या हातात?

मग रोज कामावरून आला की आधी विमान कुठे आहे ते बघायचं, आणि मग चहा. विमान बेटावरच असायचं. चहा बेचव लागायचा.

एका रविवारी सकाळी ते परत आलेलं दिसलं. कपभर चहा तसाच टाकून तो विमानात जाऊन बसला. विमान धावपट्टी सोडून गवतात तिरकं उभं होतं. आपटून उतरवलेलं, झडपा बंद, दिवे सगळे चालू. शिकाऊसुद्धा असं सोडत नाही. ही चौदा नंबरची करणी नाही, असं म्हणून तो चरफडणार, तेवढ्यात टिकटिक ऐकू आली. घड्याळ चालू होतं.

शेऱ्याच्या चौकटीत लिहिलं होतं:

'भाऊ, मी यांची बायको. यांची उजवी बाजू गेली होती, बोलणंही. त्या दिवशी विमान सुरू करतानाच खुर्चीतून पडले. आता हळूहळू बोलतात. हे डाव्या हातानं दाखवतात आणि बटणं मी दाबते. विमान गवतात गेलं तेव्हा माझ्यावर असे ओरडले म्हणून सांगू, इतक्या दिवसांत पहिल्यांदाच. मला रडूच आलं आनंदानं. तुम्ही विमान परत नेऊन ठेवलंत ते यांनी पाहिलं, तेव्हाच उठून बसायचा हट्ट धरला. घड्याळाचं मात्र मला शिकवावं लागलं नाही. चावी द्यायचं काम पहिल्यापासून माझंच. मी शेजारी नुसती बसून कंटाळायचे, म्हणून यांनी मला तेवढं दिलं होतं. हे विचारतात, तुमच्याकडे चावी कोण देतं?'

लिफ्टमास्तरानं ते परत परत वाचलं. माणूस जिवंत आहे म्हणून त्याला भरून आलं. पण इतकी वर्षं तो ज्या एकट्या माणसाला सोबत करत होता, तो एकटा नव्हताच कधी.

त्यानं लिहिलं, 'बायको देते.' मग ते खोडलं. लिहिलं, 'बहीण देते.' तेही खोडलं.

'मीच देतो,' असं लिहिलं आणि पाठवून दिलं.

मग विमान गवतातून बाहेर काढून जागेवर नीट लावलं, झडपा उघडल्या, एकेक दिवा बंद केला. घड्याळाला चावी होती, तरी आणखी थोडी दिली. चहा गार झाला होता. तो गरम करायला उठला.