अदीबने दिलेला फोन

पनवेलची महानगरपालिका झाली त्या वर्षीची गोष्ट. कुबराला फोन हवा होता तो एवढ्याचसाठी, की मस्कतला असलेला नवरा तिला रोज दिसावा. यूनुस तिथे एका बेकरीची गाडी चालवायचा. फार महागडा नको पण अगदी कचराही नको, असं ठरवून ती नवीन पनवेलच्या शोरूमला जायच्या बेतात होती. अदीबच्या कानावर ते गेलं आणि तो तडक घरी आला.

"आपा, मी दुकान उघडून बसलोय आणि तू शोरूमला जाणार? लोक काय म्हणतील?"

अदीब तिच्या खालाचा, म्हणजे मावशीचा मुलगा. खाला वारली तेव्हा त्याला धड बुटाची लेस बांधता येत नव्हती. कुबराच्या घरीच तो वाढला. त्याला शाळेत सोडणं, तापात रात्र काढणं, नापास झाल्यावर अब्बांच्या मारातून वाचवणं, सगळं तिनेच केलं. पुढे त्याने एसटी स्टँडजवळ मोबाइलचं दुकान टाकलं, तेव्हा यूनुसने न मागता मदत केली होती.

तर फोन अदीबनेच दिला. खोका त्यानेच उघडला, काच चिकटवली, नंबर भरून दिले. हा फोन फार चालतोय, डोळे मिटून घे, म्हणाला. कुबराने पूर्ण पैसे मोजून, डोळे मिटूनच घेतला.

सुरुवातीला झकास चालला. मग कानाशी धरवेना इतका तापायला लागला. दुपारपर्यंत बॅटरी तळाला जायची. त्यानंतर आवाज गेला. यूनुस पडद्यावर दिसायचा, पण हिचं बोलणं त्याला ऐकूच जायचं नाही. ती ओठ हलवत राहायची आणि तिकडे तो वैतागून फोन ठेवायचा. एकदा त्याने विचारलंही, की रागावलीस का, बोलत का नाहीस.

ती दुकानात गेली की अदीब फोन हातात घेऊन काहीतरी दाबायचा आणि समजूत घालायचा. तू भलतीसलती अ‍ॅप घेतलीस, चार्जर रात्रभर लावून ठेवतेस, भिजल्या हाताने धरतेस. कुबराला ते पटायचं. आपल्यालाच वापरता येत नाही, असं तिने यूनुसलाही मेसेजवर सांगून टाकलं. स्वयंपाकघरात ती फोन घेईनाशी झाली. हात पदराला दोनदा पुसल्याशिवाय त्याला शिवेना.

एका कामाने वाशीला गेली होती, तेव्हा कंपनीचं सर्व्हिस सेंटर दिसलं म्हणून सहज आत शिरली. काउंटरवरच्या मुलीने हँडसेटचा नंबर कॉम्प्युटरवर टाकला आणि विचारलं, हा तुम्ही सेकंडहँड घेतलात का? कुबरा म्हणाली, नवा, सीलबंद. मुलीने पडदा तिच्याकडे वळवला. फोन आधी कुणा दुसऱ्याच्या नावावर होता. हीच तक्रार घेऊन तो इथे येऊन गेला होता. आतला बोर्ड गेलाय, असं सांगितल्यावर मालक दुरुस्त न करताच घेऊन गेला होता.

पनवेलला उतरून कुबरा घरी गेली नाही. दुकानात गिऱ्हाइकं होती, ती जाईपर्यंत स्टुलावर बसून राहिली. मग फोन काउंटरवर ठेवला आणि वाशीला काय कळलं ते हलक्या आवाजात सांगितलं. अदीब नाकारेल, असं तिला वाटत होतं. तसं तिला हवंही होतं. पण तो काउंटरची काच पुसत राहिला.

"तुला काय, व्हिडिओ कॉलच करायचा होता," शेवटी म्हणाला. "तेवढ्यापुरता चालेल असं वाटलं."

"दुसऱ्या गिऱ्हाइकाला दिला असतास?"

"दुसरे भांडायला येतात, आपा."

तो हे उद्धटपणे बोलला नाही, खरं तेच सांगून टाकलं, आणि म्हणूनच ते तिला जास्त लागलं. ती भांडणार नाही, हे त्याला ठाऊक होतं, आणि त्यावरच त्याने हिशेब मांडला होता. अदीबने घाईने नवा खोका काढून पुढे केला. कुबराने त्याला हात लावला नाही. माझे पैसे दे, म्हणाली. आयुष्यात पहिल्यांदा तिने त्याच्याकडे काही मागितलं होतं.

यूनुसला तिने शेजारणीच्या फोनवरून सांगितलं. तो म्हणाला, लहान आहे, सोडून दे. त्या रात्री कुबरा त्याच्याशीही फारसं बोलली नाही.

पुढच्या आठवड्यात ती शोरूमला गेली. विकणारा मुलगा गोड बोलत होता. तिने त्याला सील तिच्यासमोर तोडायला लावलं, बिलावरचा नंबर फोनशी ताडून पाहिला आणि पैसे देण्याआधी तिथूनच मस्कतला फोन लावून पाहिला. आवाज स्वच्छ होता.

"अदीब आहे ना बरोबर?" यूनुसने विचारलं.

"नाही," ती म्हणाली. "एकटीच आलेय." आणि तिने त्या मुलाला आणखी एकदा विचारलं, हा आधी कुणी वापरलेला तर नाही ना.