फेरतपासणीच्या दिवशीचा शर्ट

कचेरीत चुरगळलेल्या कपड्यांनी जायचं नाही, हा मास्तरांचा दंडक. चाळीस वर्षं शिवणयंत्रावर काढलेला माणूस. पाय आणि डावा हात लुळे पडल्यावरही कॉलर ताठ लागायची. फेरतपासणीच्या सकाळी लेकीने त्यांची दाढी केली, भांग पाडला, कडक इस्त्रीच्या शर्टाची सातही बटणं लावली. दीड तास गेला.

"नवरदेव दिसताय, बाबा."

"मग बघायलाच चाललोय. चांगली उंच बघ, फळीवरचे डबे काढून देणारी."

सरकारने खर्चाला कात्री लावली होती. मदतनीस बाईचे रोजचे चार तास कुणाचे ठेवायचे आणि कुणाचे काढायचे, ते साहेब ठरवणार होते. त्यांनी इस्त्री पाहिली, भांग पाहिला.

"छान ठेवलंय हो स्वतःला!"

मास्तरांची छाती फुगली. हे सगळं मी केलंय, हे लेकीच्या अगदी ओठांवर आलं होतं. बाबांचा चेहरा पाहून तिने ते गिळलं.

'नीटनेटके, स्वावलंबी', कचेरीकडून आलेल्या पत्रात लिहिलं होतं. मदत बंद झाली. लेकीला नोकरी सोडणं परवडणारं नव्हतं. तिसऱ्या आठवड्यात, ती कामावर असताना, मास्तर एकटेच न्हाणीघराकडे सरकत निघाले आणि पडले. संध्याकाळी तिने दार उघडलं तेव्हा सगळं आटपलं होतं.

आज ती त्यांना कचेरीतून मिळालेली चाकाची खुर्ची परत करायला आली होती.

"वापरणाऱ्याची सही लागेल," खिडकीतला कारकून म्हणाला.

"वारले ते."

"मग दाखला जोडा. दोन प्रती."

ती वळली. बाकावर एक बाई आपल्या भावाचे केस विंचरत होती. त्याची मान सारखी एका बाजूला कलत होती. "सरळ बस रे राजा. साहेबांसमोर शोभायला नको?"

"ताई, तो कंगवा आत ठेवा," लेक म्हणाली. आपला आवाज तिला परका वाटला. "यांचं आवरायला किती वेळ लागला, ते सांगा. न विचारता सांगा. यांना वाईट वाटलं तरी."

बाईने गोंधळून कंगवा पिशवीत टाकला. भावानेच तोंड उघडलं. एकेक शब्द ओढून आणावा लागत होता त्याला.

"पाऊण... तास. मी... सांगेन."

आतून पुकारा झाला. अर्धवट पाडलेल्या भांगासकट तो आत गेला.

लेक दाराबाहेर थांबली, रिकाम्या खुर्चीच्या मुठी घट्ट धरून.