योगीराज सरांचा हिरवा कौल

भूमच्या मंगल कार्यालयात त्या दिवशी लग्न नव्हतं, पण गर्दी लग्नाहून दांडगी. आठवडी बाजार उरकून आलेली माणसं पिशव्या मांडीत घेऊन बसली होती, कॉलेजची पोरं खिडक्यांत लोंबकळत होती. व्यासपीठावर कॉम्प्युटर क्लासचे योगीराज सर डोळे मिटून, लॅपटॉपवर तळहात ठेवून उभे. शेजारी उदबत्ती. हो, लॅपटॉपला उदबत्ती! मागच्या पडद्यावर ठिपक्यांची रांग होती, त्यातले काही लाल.

“मी कोड लिहीत नाही,” सर घोगऱ्या आवाजात म्हणाले. “मी ह्या एआय यंत्राला फक्त संकल्प सांगतो, ते लिहितं. सगळं हिरवं होऊ दे!”

बटण दाबलं. अक्षरं सरसर धावली आणि लाल ठिपके दिसेनासे झाले. सगळी रांग हिरवीगार. कुणीतरी शंख फुंकला. लोकांनी तोंडात बोटं घातली.

“कौल दिला! उजवा कौल दिला!” मागून एक म्हातारा ओरडला.

“आणि एक लक्षात ठेवा,” सर म्हणाले. “यंत्रानं लिहिलेलं वाचत बसायचं नाही. वाचलं की शंका येते. शंका आली की सिद्धी गेली!”

पुढच्या रांगेत श्रावस्ती बसली होती. ही बेंबळीची, जनावरांची डॉक्टर. तिनं आणि धाकट्या भावानं, अमृतनं, ‘शेळीसाथी’ नावाचं ॲप केलं होतं. शेळीचं वजन टाका, जंताचं औषध किती पाजायचं ते सांगतं. ओपन सोर्स, म्हणजे त्याचा कोड सगळ्या जगाला खुला. कुणीही दुरुस्ती पाठवावी, बहीणभावांनी वाचून, पटली तर घ्यावी. फुकटचं काम, पण कितीतरी घरांत त्याच्या भरवशावर जनावराच्या तोंडात औषध जात होतं.

त्यात एक बिघाड होता. शेळी गाभण आहे असं सांगून कितवा महिना ते लिहिलं नाही, की ॲप अडकून पडायचं. योगीराज सरांनी तो चुटकीसरशी बरा केला म्हणून आजचा सत्कार, आणि तोच चमत्कार सर पुन्हा करून दाखवत होते. हार घेऊन कोण उभा? तर अमृत! सरांचा क्लास लावल्यापासून पोरगं पार वेडं झालं होतं.

श्रावस्ती पडद्याकडं बघत होती. एकेक ठिपका म्हणजे एकेक चाचणी, ॲप बरोबर उत्तर देतं का ते तपासणारी. चुकलं तर लाल, बरोबर तर हिरवी. सगळे रंग बघत होते. तिनं रांग बघितली. रांग आखूड झाली होती.

ती तडक व्यासपीठावर गेली. “अमृत, ही दुरुस्ती तू घेतलीस?”

“परवाच घेतली, ताई. लोकांच्या फोनवर गेलीसुद्धा.”

“वाचलीस?”

“सगळं हिरवं झालं होतं की.”

“वाचलीस का, तेवढं सांग.”

अमृतनं हार खुर्चीवर ठेवला.

“ताई, आपण डॉक्टर,” सर लोण्यासारखं हसले. “ही विद्या वेगळी. इथं श्रद्धेचं काम असतं.”

“मग माझी श्रद्धा वाढवू द्या,” म्हणत श्रावस्तीनं लॅपटॉप आपल्याकडं ओढला आणि यंत्रानं काय काय बदललं ते पडद्यावर उघडलं. काढून टाकलेल्या ओळी लाल पट्ट्यांत दिसत होत्या. तिनं मोठ्यानं वाचलं. “‘शेळी गाभण आहे का?’ हा प्रश्न काढला. ‘गाभण असून महिना पहिला-दुसरा असेल किंवा माहीत नसेल तर औषध देऊ नका, डॉक्टरला विचारा,’ ही अट काढली. आणि ती अट तपासणाऱ्या चाचण्या, त्याही काढल्या!”

कार्यालयात कुजबुज झाली. कुणाला नीट कळेना. श्रावस्ती लोकांकडं वळली.

“कौल कसा लावतात? देवाला दोन्हीकडं फुलं चिकटवतात. उजवं पडलं तर हो, डावं पडलं तर नाही. आता पुजाऱ्यानं डावं फूल लावलंच नाही तर?”

“मग उजवंच पडंल की!” खिडकीतून एक पोरगा म्हणाला.

“झालं तर! लाल होणाऱ्या चाचण्याच उपटून टाकल्या, मग उरलेलं हिरवं नाही होणार तर काय?”

हशा पिकला. सर घाम पुसत म्हणाले, “ते यंत्रानं केलं. यंत्राची चूक!”

हे ऐकून तिच्या तळपायाची आग मस्तकात गेली. चमत्कार सरांचा आणि चूक यंत्राची, वा रे सिद्धपुरुष! यंत्रानं कामाच्या शेवटी साध्या मराठीत लिहिलं होतं, ‘अट आणि तिच्या चाचण्या काढल्या आहेत. हे योग्य आहे का, पशुवैद्यकाकडून तपासून घ्या.’ यंत्रानं काही लपवलं नव्हतं. ह्या गृहस्थानं वाचलं नव्हतं.

“आता बघा, काम कसं सांगायचं,” ती म्हणाली. सरांचा बदल रद्द करून तिनं सगळ्यांसमोर टाइप केलं. ‘आधी ह्या प्रकल्पाचे नियम वाच. चाचण्यांना हात लावू नकोस. बिघाड कशानं होतो ते आधी सांग, मग फक्त तेवढाच दुरुस्त कर. माहीत नसेल ते विचार.’

ह्या वेळी शंख वाजला नाही. यंत्रानं सांगितलं, महिन्याची जागा रिकामी असली की कोड तिथंच अडतो. मग विचारलं, ‘महिना माहीत नसेल तर जुन्या अटीप्रमाणे औषध थांबवायचंच ना, की द्यायचं?’

“हा प्रश्न माणसानं सोडवायचा असतो,” श्रावस्ती म्हणाली. “आणि उत्तराखाली स्वतःचं नाव घालायचं असतं.” तिनं ‘थांबवायचं’ असं लिहून खाली आपलं नाव घातलं.

तेवढ्यात मधल्या रांगेतून विठाबाई उठल्या. बेंबळीच्याच, शेळ्या राखणाऱ्या. त्यांनी हातातला फोन पुढं धरला.

“डाक्तरीणबाई, म्या सकाळीच पाजलं की वं. माजी मोठी शेळी गाभण हाय, दुसरा म्हैना. आदी त्यो फोन इचारायचा गाभण हाय का म्हून. आज इचारलंच न्हाय. म्हणलं, सुदारलंय, आता चालत आसंल.”

श्रावस्तीनं त्यांचा फोन घेऊन बघितला.

“मावशी, श्रद्धा ठेवा,” सर म्हणाले. “सगळं हिरवं होईल.”

थुंकावंसं वाटलं श्रावस्तीला. एवढं उघडं पडूनही माणसाची जीभ तीच! आणि त्याहून किळस आली ती पुढच्या रांगेतल्या दोघांची, जे अजूनही सरांबरोबर फोटो काढायला थांबले होते. जुनी अट त्याच दुपारी सगळ्यांच्या फोनवर परत गेली, पण पोटात गेलेलं औषध परत घेता येत नव्हतं.

दिवस भरले तशी विठाबाईंची शेळी व्याली. एकच करडू, पुढचे दोन्ही पाय वाकडे. आचळापर्यंत पोचायला धडपडत होतं आणि पुन्हा पुन्हा पडत होतं. अमृत त्याला हातानं धरून पाजत होता.

“त्या औशदानं झालं का वं?” विठाबाईंनी विचारलं.

“खात्रीनं सांगता येत नाही, मावशी,” श्रावस्ती म्हणाली. “आपोआपही होतं कधीकधी. पण दुसऱ्या महिन्यात ते औषध धोक्याचं, हे आम्हाला ठाऊक होतं. तुम्हाला विचारायचं आम्ही सोडलं, हे खात्रीनं सांगते.”

लोकहो, यंत्राला खुशाल कामाला लावा. गड्याला सांगावं तसं नीट सांगा, केलेलं काम डोळ्यांनी तपासा, आणि डोळे मिटून नमस्कार करायला सांगणाऱ्याला दारात उभं करू नका. ज्याला वाचायचा कंटाळा, त्यानं दुसऱ्याच्या जनावराच्या जिवाशी खेळू नये.

अमृतनं मान वर केली नाही. “मावशी, सरांचं सोडा. दुरुस्ती घेतली मी. मी वाचली नाही.”

विठाबाईंनी करडू त्याच्या हातातून आपल्या मांडीवर घेतलं.

“मग वाचत जा की रं, लेकरा,” त्या म्हणाल्या.