मामांसारखा टाका घालणारं मशीन

मामांचं मशीन एकतीस वर्षं सोफे शिवून गेल्या मंगळवारी वारलं. वर्कशॉपमध्ये दोन मिनिटं शांतता पाळली गेली, कारण मामा आणि भाची दोघंही पाना शोधत होते.

आज दोघं मशीनच्या दुकानात उभे होते. थिएटरच्या सत्तर खुर्च्यांचं काम घ्यायचं की नाही, ते भाचीने चार वाजेपर्यंत कळवायचं होतं. मामांची नजर अधू झालेली, म्हणजे सगळं तिच्याच हातावर पडणार. आणि तिला त्या हाताचाच भरवसा नव्हता. आठ वर्षं ती त्या मशीनवर जाड रेक्झिन शिवायला बसे, सुई मोडे, टाके वेडेवाकडे पडत. मामा म्हणत, "हात बसला नाही अजून." मग ते स्वतः बसून मशीनभोवतीचा पडदा ओढून घेत, मशीन खडखडू लागे आणि संध्याकाळी अशी शिवण बाहेर येई की फूटपट्टीने मान खाली घालावी.

त्याच शिवणीचा वीतभर तुकडा, चार थरांचा, तिने पिशवीतून आणला होता. "असा टाका घालेल ते मशीन द्या," ती दुकानदाराला म्हणाली.

दुकानदार एकेक मशीन चालवून दाखवू लागला. पहिल्याने चार थरांवर दर तिसरा टाका गाळला. दुसऱ्याने टाके सगळे घातले, पण वरचा थर असा सरकवला की शेवटी दोन्ही कडांनी एकमेकींशी बोलणं टाकलं.

"मग हे घ्या, ताई. याचा कापड दाबणारा वरचा पायसुद्धा कापडाबरोबर पुढे चालतो. थर सरकत नाहीत."

नाही सरकले. भाचीने शिवण तुकड्याशेजारी धरली. "ठीक आहे. पण मामांसारखा टाका नाही."

"ताई, याच्या वर या दुकानात फक्त छत आहे."

मामा कोपऱ्यात बसून भिंतीवरचं कॅलेंडर वाचत होते.

दुकानदाराने तुकडा भिंगाखाली धरला, उलटा केला, एक टाका उसवून दोरा ओढला. "काका, हा एकच दोरा आहे."

"बरं."

"मशीनला दोन लागतात. एक वरून, एक खालून. हे हाताने शिवलंय. दोन सुयांनी."

भाची हसली. हसू चेहऱ्यावर तसंच राहिलं, उतरवायला कुणी आलं नाही. "मामा, सांगा ना यांना."

मामांनी आधी महिना वाचून संपवला. "त्या मशीनला दोन थर झेपायचे गं. तिसरा आला की रुसायचं."

"आणि तो आवाज?"

"पायाने रिकामं चालवायचो. हाताची शिवण म्हटलं की गिऱ्हाइकाला वाटायचं, बिचाऱ्याकडे मशीन नाही."

"आणि मला का नाही सांगितलं?"

"तू आलीस तेव्हा तेवीस वर्षं झाली होती. मध्येच थांबणं बरं दिसलं नसतं."

आठ वर्षं मशीनचा दोष ती आपल्या हातात शोधत होती.

"दोन्ही हातांत सुया, पाय मशीनवर," ती शेवटी म्हणाली. "तोंडाने काय करत होता?"

"तुला ओरडत होतो."

दुकानदाराने पाणी आणलं. कुणी घेईना, तेव्हा तो स्वतःच प्यायला.

मग ती त्या तिसऱ्या मशीनवर स्वतः बसली. चार थर. मग सहा. मग कोपरा वळवून पुन्हा सहा. सुई मोडली नाही. शिवण सरळ गेली, इतकी सरळ की तिने उठून आपल्या हातांकडे पाहिलं. हात तेच होते.

मामांनी उठून चष्मा लावला. शिवण नखाने चाचपली, ओढून पाहिली. "हे तू आत्ता शिवलंस?"

"तुमच्यासमोर."

"किती वेळात?"

"तुम्ही चष्मा शोधेपर्यंत."

मामा परत कोपऱ्यात जाऊन बसले. "मला याला अख्खी सकाळ लागायची," ते कॅलेंडरला म्हणाले.

चारला पाच मिनिटं कमी होती. तिने थिएटरच्या मॅनेजरला फोन लावला आणि काम घेते म्हणून सांगितलं.

"शिवण मशीनची ना?" त्याने विचारलं. "हाताची चालणार नाही हं."

"मशीनचीच," ती म्हणाली. त्यांच्या वर्कशॉपातून हे पहिल्यांदाच खरं सांगितलं जात होतं, त्यामुळे ती जरा अडखळली.